मास्तरची जागा

नाही, नाही, त्यांना उठवू नका बाई. आत्ताच कुठे डोळा लागलाय. तुम्ही बसा ना — तिथे नको, त्या खुर्चीचा एक पाय दगा देतो, इकडे ट्रंकेवर बसा, थांबा, चादर घडी करून टाकते. आणि जरा हळू बोलूया हं. हा पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, जुनी चादर बांधलीय दोरीवर, पलीकडे त्यांची खाट. तुम्ही त्यांच्याशीच बोलायला आलात, कळलं मला, दारातच म्हणालात, मुलीच्या वडिलांना दोन मिनिटं भेटते म्हणून. पण खरं सांगू का, उपयोग नाही. ते एकदा नाही म्हणाले म्हणजे नाहीच. मी शेजारणीच्या फोनवरून सांगितलं होतं ना तुम्हाला — मुलीला एवढ्या लांब वसतिगृहात ठेवायला ते तयार नाहीत. आता त्यात नवीन काय निघणार? उगीच तुमची पायपीट. पत्ता विचारत विचारत आलात ना? सापडतच नाही कुणाला हे घर, मागच्या गल्लीतून यावं लागतं. चहा टाकू? बरं, राहिला. पाणी तरी घ्या.

ती नाहीये. दवाखान्यात गेलीय, ह्यांचं औषध आणायला. तिथे रांग फार असते, एवढ्यात काही यायची नाही. शाळेत का येत नाही — आता काय सांगू, डोकं दुखतं म्हणते. ताप नाही, हात लावून बघितला मी. नुसती बसून असते. परवा म्हटलं, अगं, पुस्तक तरी उघड, तर म्हणाली, कशाला? एवढंच. कशाला. एरवी ही मुलगी भाजी बांधून आणलेल्या कागदावरचं वाचल्याशिवाय तो टाकू देत नाही. होईल बरी. वय असतं एकेक, तेरावं लागलंय. तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमच्यावर रागावलीय? छे. तुमच्यावर का रागावेल ती?

नाही, काही बोलली नाही तुमच्याबद्दल. उलट तुमचं कौतुकच फार. बाई असं म्हणाल्या, बाईंनी तसं शिकवलं. तुम्ही त्या वसतिगृहाच्या शाळेच्या परीक्षेसाठी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेत होतात ना, तेव्हा घरी येऊन ते सगळं ती परत ह्यांना शिकवायची. ह्यांचं शिक्षण अर्धवटच. रंगारी माणूस, इमारतींना रंग देण्यात आयुष्य गेलं, शाळेच्या भिंती रंगवल्या पण आत काही बसले नाहीत, असं स्वतःच म्हणतात. परांचीवरून पडले त्याला आता दीड वर्ष होईल. कमरेखाली काही नाही, पाय आहेत म्हणून आहेत. तर ही यांना शिकवणार, आणि हे पडल्या पडल्या तिला उलट प्रश्न विचारणार. मास्तर म्हणतात तिला. दारात तिची चाहूल लागली की, आले का मास्तर, आज धडा कुठला? आणि ती पण अशी — कंबरेवर हात ठेवून उभी राहणार, कालचं पाठ केलंत का, दाखवा. हसतात दोघं. दिवसभर पडून असलेल्या माणसाला हसायला येतं यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण येतं.

मधल्या सुट्टीनंतर ती उशिरा यायची, हो. माहीत आहे मला. इथे यायची ना ती. त्यांना कुशीवर वळवायला. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की पाठीला जखमा होतात, दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, दुपारी एकदा तरी वळवायलाच हवं. मी कँटीनमध्ये, सकाळी अंधारात जाते ते चार वाजता सुटते. मग ती सुट्टीची घंटा झाली की पळत यायची, वळवायची, पाणी द्यायची, खालचं बघायचं असेल ते बघायची, हात धुवायची आणि परत पळत. डबा बहुतेक रस्त्यातच. तुम्ही तिला दाराबाहेर उभं केलं होतंत ना दोन-तीनदा — नाही, तक्रार नाही करत मी. तिनेच हसत हसत सांगितलं होतं, आज मला बाहेरची हवा मिळाली म्हणून. तुम्हाला काय माहीत असणार? तुम्ही विचारलं होतंत की, का उशीर होतो, आणि ती पोट दुखतं म्हणाली होती. तिनेच मला बजावून ठेवलं होतं, आई, घरचं शाळेत सांगायचं नाही. का, तर मागे तुम्ही तिला बूट दिलेत ना, तुमच्या मुलीचे, चांगले होते हो, नवेच होते जवळजवळ. पण वर्गात दिलेत. सगळ्यांच्या समोर. तुम्ही मायेनंच दिलेत. पण त्यानंतर आठवडाभर मुलं तिला बूट घालून दाखव म्हणत होती. एकदाही घातले नाहीत तिने. तर म्हणाली, बाबांचं कळलं तर बाई सगळ्यांसमोर बिचारी म्हणतील. म्हणून पोट दुखतं.

अहो, नका, नका असं करू. पदर देऊ का? मी उगीच बोलले. तुम्ही उभं करायचं बंदही केलंत ना नंतर. एक दिवस उशिरा आली आणि तुम्ही फळ्याकडे बघत नुसतं बस म्हणालात, विचारलंच नाहीत काही. ते तिने घरी येऊन मला सांगितलं आणि ह्यांनाही सांगितलं, दोनदा. बाईंनी विचारलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय मोठंसं. तिला फार मोठं वाटलं होतं ते.

हो, ह्यांचा जीव आहे तिच्यावर, नाही कसा? तिच्या शिक्षणाचं ह्यांनाच जास्त. त्या परीक्षेच्या दिवशी कधी नव्हे ते मला म्हणाले, मी दुपारचा नाही वळलो तरी मरत नाही, तिला आज घाई करू नका कुणी. जागा गेली म्हणून मी सांगितलं तेव्हा तर भिंतीकडे तोंड करून रडले. मोठा माणूस, खांदे हलत होते नुसते, आवाज नाही. मला तर —

काय?

कुठली जागा म्हणजे — तीच. वसतिगृहाच्या शाळेतली. तिची.

गेली म्हणजे... नाही, मला म्हणायचं होतं... थांबा. काय बोलले मी? थांबा हं जरा.

बसा बाई. उठू नका. त्यांच्याकडे जाऊ नका. सांगते. आता सांगतेच, तुमच्या तोंडावरूनच दिसतंय मला. ते नाही म्हणालेच नाहीत. त्यांना विचारलंच नाही मी. तुम्हाला फोनवर सांगितलं, वडिलांची इच्छा नाही. आणि इथे ह्यांना सांगितलं, बाईंनी जागा दुसऱ्या मुलीला दिली. तुमचं खापर इथे, ह्यांचं खापर तिथे, आणि मी मधे स्वच्छ. तुमची दोघांची भेट कधी होणार होती? ते खाटेवरून उठत नाहीत, आणि तुम्ही इथे याल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाई लोक घरी येत नाहीत. निरोप पाठवतात.

मुद्दाम नव्हतं हो. म्हणजे, ठरवून नव्हतं. तुम्ही त्या दिवशी कँटीनमध्ये आलात ना, मी ताटं धूत होते, हात कोपरापर्यंत साबणात, आणि तुम्ही त्या ओल्यात उभ्या राहून सांगितलंत, पोर पास झाली, जागा मिळाली, राहणं-जेवण सगळं तिथलंच. आणि म्हणालात, तिला अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला विचारते, घरची अडचण असेल तर उगीच तिच्या मनात आशा नको. तुम्ही गेल्यावर बरोबरच्या बायका विचारत होत्या, कोण गं, एवढी चांगली साडी. मी म्हटलं, माझ्या मुलीच्या बाई. मला आधी विचारायला आल्या होत्या. मला एरवी कोण विचारतं? मोठं पातेलं झालं का, एवढंच. इतकी खूश होते मी बाई, खरंच, शपथेवर सांगते. रस्ताभर तेच वाक्य घोळवत आले, तुझी जागा लागली गं, तुझी जागा लागली. कसं सांगायचं, आधी ह्यांना की आधी तिला, की दोघांना एकदम.

दारात चपला काढत होते तर आतून आवाज आला. ती ह्यांना वळवत होती. पृथ्वी कशी फिरते तो धडा चालला होता. कुशीवर वळवताना म्हणत होती, हं, आता तुमच्या पाठीवर रात्र झाली आणि पोटावर दिवस उजाडला, बाबा, उठा, तोंड धुवा. आणि हे हसत होते. हसता हसता म्हणाले, मास्तर, पोटावर दिवस उजाडला तर जेवायला वाढा. मी तशीच उभी राहिले, एक चप्पल पायात, एक हातात. आणि माझ्या मनात आलं, ही गेल्यावर इथे काय आवाज येईल?

तुम्हाला नाही कळायचं ते. म्हणजे कळेल, पण — आमच्या दोघांत बोलणं राहिलेलं नाही बाई. भांडण नाही, तसलं काही नाही. मी येते ती दमून, ते पडून पडून दमलेले. काय बोलायचं? भाजीत मीठ कमी झालं तरी ते तिला म्हणतात, आईला सांग. मी पण तिलाच, बाबांना विचार, उशी पाहिजे का. एवढीशी खोली, त्यांना मी दिसते, मला ते दिसतात, आणि निरोप तिच्यामार्फत. पडल्यावर सुरुवातीला मी फार चिडायचे. तोंडाने नाही, पण भांडी आपटायची. त्यांना कळायचं. मग ते गप्प झाले, मग मी गप्प झाले. ते हसणं मी आत गेले की थांबतं, माहितीये? मुद्दाम नाही थांबवत. थांबतं आपोआप. तर मला वाटलं, ही गेली की आम्ही दोघंच. त्या पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मला भीती वाटली. त्यांना वळवायला कोण, हे नंतर सुचलं. आधी ही भीती. तुम्हाला मी मघाशी वळवण्याचंच सांगत होते ना, केवढं रंगवून? ते सांगता येतं. लोकांना पटतं.

आत गेले, दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हटलं, बाई भेटल्या होत्या, जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. ती हळूच म्हणाली, मला मार्क कमी पडले का?

बाई, तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. खोटंच बोलायचं होतं तर तेवढं तरी बोलायचं. पण हो म्हटलं असतं तर ती पुढच्या वर्षी परत बसली असती. आणखी अभ्यास केला असता. आणि पासच झाली असती. एवढा विचार मी केला हो, उभ्या उभ्या, हातातली पिशवी खाली ठेवेपर्यंत. एरवी मला दोन ओळींचा हिशेब जमत नाही, पण हे जमलं. मी म्हटलं, मार्कांचं काही नाही. बाई म्हणाल्या, तुझ्या घरचं हे असं, तू तिथे टिकणार नाहीस.

तुमच्या तोंडी घातलं मी ते. तुमच्या.

तिचं तोंड असं झालं — मी एकदाच बघितलं, मग चुलीशी गेले. तेव्हापासून शाळेत येत नाही ती. मार्क कमी असते तर तिला काहीतरी करता आलं असतं. घरचं हे असं, त्याला ती काय करणार? वडिलांना खाटेवरून उठवणार? आणि मला हेही माहीत होतं की हे ऐकल्यावर ती तुम्हाला जाऊन विचारणार नाही. बूट दिलेत तेव्हा विचारलं नाही ना तिने काही, तसंच. माझी मुलगी आहे, कुठे दुखतं ते मला माहीत. तिथेच बोट ठेवलं मी.

नाही, वळवायला कुणीच नव्हतं असं नाही. ह्यांच्याबरोबर काम करायचा तो एक रंगारी आहे, पलीकडच्या रस्त्यावर राहतो, तो कितीदा म्हणाला, वहिनी, मी दुपारी जेवायला घरी येतोच, येऊन जात जाईन. मीच नको म्हटलं. लोकांनी आमचं हे सगळं बघावं, ते मला नको होतं. पोरगी करत होती, घरातल्या घरात होतं. आणि कँटीनच्या मुकादमाला पाळी बदलून देतोस का म्हणून विचारता आलं असतं. संध्याकाळची पाळी असते, एक-दोघी आहेत तिला. विचारलं नाही. कारण तो हो म्हणाला असता तर? मग मी काय सांगितलं असतं, तुम्हाला, ह्यांना, स्वतःला?

बघा ना, किती बोलले. मी आपली चालूच. पण आता बोलून तरी काय, झालं ते झालं. मी रोज तेच म्हणते स्वतःला, ताटं धुताना. गेली जागा. आता ती दुसऱ्या कुणाची. आता मी खरं सांगितलं तरी तिला नुसतंच दुखणार, मिळणार काही नाही, मग कशाला सांगा. असं म्हटलं की जरा बरं वाटायचं. शाळेत पाठवेन मी तिला, उद्यापासून पाठवते, ओढत आणते हवं तर. तुम्ही फक्त तिला एवढं म्हणा की —

काय म्हणालात?

परत सांगा.

आहे? म्हणजे अजून? मी तर फोनवर नाही म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. मग का ठेवलीत? कुणाला विचारून ठेवलीत? नाही म्हटल्यावर द्यायची होती ना कुणाला तरी, असतील ना दुसऱ्या मुली. सोमवारपर्यंत राखून ठेवलीय. म्हणजे म्हणून आलात तुम्ही. वडिलांना समजवायला. आणि मी तुम्हाला अर्धा तास खुर्चीचा पाय सांगतेय, दवाखान्याची रांग सांगतेय.

हे बरोबर नाही केलंत बाई. म्हणजे — बरोबर केलंत. काय बोलावं मला कळत नाही. जागा गेली होती तेव्हा मी नुसती वाईट होते. आता मला काहीतरी करावं लागणार.

नाही, तुम्ही नका सांगू तिला. तुम्ही सांगितलंत तर ती मान हलवेल, आभार मानेल आणि तिला वाटेल बाईंना दया आली. परत बूट. माझं खोटं मीच काढायला हवं. ह्यांनाही मीच सांगते. कसं ते बघते. दीड वर्षात धड चार वाक्यं बोललो नाही आम्ही, आणि पहिलं बोलायचं तर हे. मुकादमाला मी उद्याच विचारते. नाही म्हणाला तर त्या रंगाऱ्याकडे जाते. हो, तुम्ही म्हणता ते दवाखान्यातर्फे घरी येणाऱ्या बाईंचं, तेही सांगा मला, कुठे जायचं, कुणाला भेटायचं, मला लाज वाटते अशा ठिकाणी पण तुम्ही बरोबर याल का एकदा? याल? बरं.

थांबा. ती आली. तिचीच पावलं. एवढ्यात कशी आली, रांग नव्हती वाटतं.

ये. औषध मिळालं? ठेव तिथे. बाई आल्यात बघ. आत नको जाऊस, बाबा झोपलेत. इथे उभी राहा माझ्यासमोर. बाईंकडे बघ, मान खाली नको घालूस, त्यांनी तुझं काही वाईट केलेलं नाही. ऐक नीट. त्यांनी तुझी जागा कुणाला दिली नाही. ती तुझीच आहे, अजून आहे. तू टिकणार नाहीस असं बाई म्हणाल्याच नव्हत्या. ते मी म्हणाले. मी बनवून सांगितलं तुला आणि बाबांनाही. बाई मला विचारायला आल्या होत्या, मीच नाही म्हटलं. तुला जाऊ द्यायचं नव्हतं मला, म्हणून. तू पास झालीस, चांगली पास झालीस.

अशी बघू नकोस गं. काहीतरी बोल. रागव माझ्यावर, बाई आहेत म्हणून थांबू नकोस.

काय? मोठ्याने बोल, ऐकू नाही आलं.

दुपारी बाबांना कोण वळवणार?

हेच विचारायचं सुचलं तुला? पहिलं हेच?

ते मी बघेन. मला नाही माहीत आत्ता कसं, पण मी बघेन, ते तुझं काम नाही. नव्हतंच कधी. सोड तो प्रश्न. ती पिशवी खाली ठेव आधी, हात बघ किती घट्ट धरलेत.

बाई, तुम्ही निघा आता. सोमवारी मी शाळेत घेऊन येते तिला, मीच येते, तुम्ही फक्त दारापाशी या म्हणजे मला कुणाला विचारत बसायला नको. राग मानू नका, जा म्हणते म्हणून. तुमच्यासमोर ती रडायची नाही, ओळखते मी तिला. निघा तुम्ही.